अरुंद ठळक अक्षरं: कुठे उठून दिसतात, कुठे गुदमरतात

लंबरेषा (धागाकर्ता)

मथळ्यासाठी ठळक आणि अरुंद सॅन्स-सेरिफ (म्हणजे टोकांना सेरिफ, छोट्या रेघा, नसलेली) अक्षरं वापरायची लाट ओसरायचं नाव घेत नाही. भित्तिपत्रकं, मुखपृष्ठं, व्हिडिओंची लघुचित्रं, धावफलक, जिकडे बघावं तिकडे उंच, काळीभोर, एकमेकांना खेटून उभी असलेली अक्षरं. मला ही अक्षरं मनापासून आवडतात आणि म्हणूनच त्यांची हेळसांड बघवत नाही. त्याबद्दल सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

सगळ्यात मोठी हेळसांड म्हणजे साधा बोल्ड फॉन्ट घ्यायचा, त्याच्या चौकटीची बाजू धरायची आणि आत ढकलायची. चौकटीत मजकूर मावतो, पण अक्षर मोडतं. हिशोब करून बघा. एखाद्या बोल्ड अक्षराची उभी दांडी १५० एकक जाड आहे आणि आडवी रेघ १२० एकक. रुंदी ६० टक्क्यांवर आणली की उभी दांडी ९० होते, आडवी मात्र १२० च राहते, कारण उंचीला आपण हात लावलेला नाही. म्हणजे जी रेघ जाड असायला हवी ती बारीक झाली आणि जी बारीक ती जाड. डोळ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं. ओ, सी, जी यांसारख्या गोल अक्षरांत तर जाडी भलत्याच ठिकाणी सरकते.

खरं अरुंद अक्षर मुळातून वेगळं रेखाटलेलं असतं. उभ्या दांड्या जाड ठेवतात, आडव्या रेघा मुद्दाम बारीक करतात. गोल अक्षरांच्या बाजू सरळ होतात, वळण फक्त वर आणि खाली उरतं. लहान लिपीतल्या (लोअरकेस) एस आणि ए सारख्या, तीन आडव्या रेघा असलेल्या अक्षरांत रेखाटणाऱ्याची खरी कसोटी लागते.

हा प्रकार आला कुठून? सेरिफ नसलेला छापील टाइप पहिल्यांदा दिसतो तो १८१६ साली, विल्यम कॅस्लन चौथा याच्या नमुना-पुस्तकात. पण अरुंद अक्षरांना खरा जोर आला तो जाहिरातींच्या भित्तिपत्रकांमुळे. अमेरिकेतल्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी टाइप यंत्रावर कापायला सुरुवात केली, १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ (नमुना गिरवला की त्याची लहान-मोठी प्रत काढणारा सांगाडा) जोडला आणि एकाच नमुन्यावरून वेगवेगळ्या मापांची अक्षरं कापता येऊ लागली. कागदाची रुंदी ठरलेली, प्रत्येक ओळ काठापासून काठापर्यंत भरायची. छोट्या शब्दाला पसरट टाइप, लांब शब्दाला अरुंद टाइप. उंची मात्र कमी करायची नाही, कारण लांबून दिसते ती उंचीच. या एका गरजेतून हे अख्खं घराणं जन्माला आलं.

पुढे १९०३ साली मॉरिस फुलर बेंटनने अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी ऑल्टरनेट गॉथिक केला, तोही तीन रुंदींमध्ये. आज फुकट मिळणारा लीग गॉथिक हा त्याच्या पहिल्या, सर्वात अरुंद रूपाचं पुनरुज्जीवन आहे. ऑस्वाल्डसुद्धा याच वळणाचा. १९५४ मध्ये वाल्टर हेटनश्वाइलरचा श्मालफेटे ग्रोटेस्क आला, नुसत्या कॅपिटल अक्षरांचा, आणि १९५९ पासून 'ट्वेन' या जर्मन मासिकाने तो पानभर वापरून दाखवला. त्यानंतर १९६३ मध्ये लेट्रासेट या घासून उमटवायची अक्षरं विकणाऱ्या कंपनीसाठी फ्रेड लॅम्बर्टचा कॉम्पॅक्टा, १९६५ मध्ये जेफ्री लीचा इम्पॅक्ट. इम्पॅक्टला आज लोक चेष्टेच्या चित्रांवरचा (मीमचा) फॉन्ट म्हणून हिणवतात, ते मला अजिबात पटत नाही. दिलेल्या मापात जास्तीत जास्त शाई कागदावर उतरवायची आणि लहान लिपीची उंची शक्य तितकी वाढवायची, हे लीचं उद्दिष्ट होतं, आणि त्या कसोटीवर इम्पॅक्ट आजही पुरा उतरतो. चूक त्याला सहा ओळींच्या परिच्छेदाला लावणाऱ्यांची.

आता माझं म्हणणं. फॉन्ट निवडताना लोक अक्षराचा काळा भाग बघतात. मी आधी पांढरा भाग बघतो: अक्षराच्या पोटातली पोकळी आणि दोन अक्षरांमधली फट. ठळक अरुंद फॉन्टमध्ये या दोघींचं नातं जमलं नसेल, तर बाकी काहीही असो, मथळा वाचवत नाही.

तुम्ही काय वापरता, कसं तपासता, लिहा.

---

शाईचा_डाग

पांढऱ्या भागाबद्दल पूर्ण सहमत. छपाईच्या बाजूने थोडी भर घालतो.

पडद्यावर जी पोकळी दिसते ती कागदावर तेवढी उरत नाही. शाई पसरते. सच्छिद्र, बिनचकाकीच्या कागदावर जास्त, आर्ट पेपरवर कमी. मोठ्या मथळ्यात हे जाणवत नाही, पण तोच फॉन्ट कुणी १४ पॉइंटात तारीख-वेळ लिहायला वापरला की आठाची दोन्ही भोकं बुजतात आणि ६, ८, ९ सारखेच दिसायला लागतात. उलटी छपाई, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, असेल तर शाई बाहेरून आत येते आणि अक्षरांमधल्या फटी सोडून दांड्याच बारीक होतात. उलट्या छपाईला मी नेहमी ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, थोडं सैल ठेवतो.

शाईचा विचार करून काढलेल्या अक्षरांचं उत्तम उदाहरण बघायचं असेल तर मॅथ्यू कार्टरचा बेल सेंटेनियल बघा, १९७८ चा, टेलिफोन डिरेक्टरीसाठी केलेला. सांध्यांवर खोल खाचा ठेवल्यात, शाई तिथे भरते आणि अक्षर शेवटी नीट दिसतं. तो मथळ्याचा फॉन्ट नाही, अगदी बारीक मापाचा आहे. पण दाट अक्षराच्या सांध्याशी काय होतं ते त्यात लख्ख कळतं. ठळक अरुंद फॉन्टमध्येही एम, डब्ल्यू, एन यांच्या कोपऱ्यांत रेघ किंचित बारीक केलेली असते. ती केली नसेल तर त्या कोपऱ्यात काळा डाग जमतो. नवा फॉन्ट हातात आला की मी आधी ही तीन अक्षरं मोठी करून बघतो.

---

नवी_ओळ

खूपच उपयुक्त धागा. मी शिकते आहे, म्हणून एक प्राथमिक प्रश्न. एका व्याख्यानमालेचं भित्तिपत्रक करत्ये. शीर्षक बेबास नोयेमध्ये छान दिसतंय. पण वक्त्यांची नावं, विषय, सगळं त्याच फॉन्टमध्ये लहान करून टाकलं तर एकदम जड आणि वाचायला कंटाळवाणं वाटतंय. फॉन्ट तोच, रंग तोच, मग बिघडतंय कुठे?

---

लंबरेषा

@नवी_ओळ, बिघडतंय ते मापात आणि प्रमाणात, तुमच्या नजरेत काही दोष नाही.

बेबास नोयेमध्ये लहान लिपी नाही, सगळी कॅपिटलच. कॅपिटल अक्षरांची उंची सारखी असल्यामुळे शब्दाला स्वतःचा आकार उरत नाही, प्रत्येक शब्द एक आयत होतो. एक-दोन शब्दांच्या शीर्षकात तो आयतच हवा असतो, ताकद त्यातच आहे. पण बारा-पंधरा नावांची यादी आली की डोळ्याला धरायला काही सापडत नाही. त्यात ठळक दांड्या समान अंतरावर आल्या की ओळ कुंपणाच्या फळ्यांसारखी दिसते.

दोन गोष्टी करून बघा. नावांसाठी नेहमीच्या रुंदीचा, मध्यम वजनाचा (म्हणजे मध्यम जाडीच्या रेघांचा) सॅन्स घ्या, लहान लिपीसकट. अरुंद अक्षराचं अरुंदपण कळायला शेजारी नेहमीचं अक्षर लागतं, सगळंच अरुंद केलं तर काहीच अरुंद राहत नाही. दुसरं, एखादं उपशीर्षक अरुंदच ठेवायचं असेल तर वजन एक पायरी उतरवा आणि ट्रॅकिंग वाढवा. माप जितकं लहान तितकी अक्षरांमधली हवा जास्त.

एकाच घराण्यात अनेक रुंदी मिळाल्या तर हे काम सोपं होतं. एड्रियन फ्रुटिगरने १९५७ मध्ये युनिव्हर्स केला तेव्हा यासाठी आकड्यांचीच पद्धत लावली: पहिला अंक वजनाचा, दुसरा रुंदीचा. ५५ म्हणजे नेहमीचा, ५७ अरुंद, ५९ अतिअरुंद, ६७ ठळक अरुंद. हा तक्ता एकदा समोर ठेवून बघा. वजन आणि रुंदी या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत, हे त्यावरून जितकं पटतं तितकं कुठल्याही पुस्तकातून नाही.

---

काना_मात्रा

आतापर्यंतची सगळी चर्चा रोमन लिपीची झाली. देवनागरीत हा प्रश्न कितीतरी अवघड आहे, आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं. जरा लांबण लावते.

पहिली अडचण मजल्यांची. रोमन कॅपिटलना वर-खाली काही लोंबत नाही, म्हणून अरुंद मथळ्याच्या ओळी अगदी एकावर एक चिकटवता येतात आणि तो दाट ठोकळा हीच त्याची मजा. आपल्याकडे शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार. 'विद्यार्थ्यांनी' हा एक शब्द लिहून बघा: खाली जोडाक्षराची शेपटी, वर रफार, अनुस्वार आणि वेलांट्या. त्याच्या वरच्या ओळीत 'कृती' किंवा 'सूत्र' आलं की टक्कर ठरलेली.

दुसरी अडचण कान्यांची. आपल्या कितीतरी अक्षरांत उजवीकडे उभा दंड आहे: म, स, ग, त, न, प, शिवाय काना वेगळा. अरुंद केलं की हे दंड जवळजवळ येतात आणि 'समाजमान' सारखा शब्द नुसत्या उभ्या रेघांचा होतो. उलट ट, ठ, ड, द, ह यांना पूर्ण दंडच नाही, ती शिरोरेखेला मानेने लटकतात, तिथे अचानक रिकामी जागा पडते. क आणि फ यांचा दंड मधोमध, दोन्ही बाजूंना वळणं, त्यामुळे जागा कमी केली की चेपतात तीच दोन आधी. काळ्या-पांढऱ्याची लय राखणं इथे खरोखर कसबाचं काम आहे.

तिसरी आणि सगळ्यात गंभीर अडचण ओळखीची. भ आणि म यांत फरक काय? भ च्या डोक्यावर शिरोरेखा तुटलेली असते आणि तिथे एक गाठ असते. ध आणि घ यांतही तसंच. रेघा जाड झाल्या आणि रुंदी घटली की ही तूट केसाएवढी उरते. मग 'भरणे' चं 'मरणे' होतं आणि 'धर' चं 'घर'. ब आणि व, ष आणि प यांतला फरक म्हणजे पोटातली तिरकी रेघ, ती पोकळीच बुजवून टाकते. ख नीट जोडलेला नसेल तर 'रव' वाचला जातो. रोमन मथळ्यात एखादं अक्षर जड झालं तर ते कुरूप दिसतं. आपल्याकडे शब्दच बदलतो.

चौथी शिरोरेखा. अरुंद ठळक अक्षरात आडव्या रेघा बारीक करायच्या असतात असं लंबरेषा यांनी वर लिहिलंय. तो नियम शिरोरेखेला आधी लागू होतो. ती दांड्यांइतकीच जाड ठेवली तर प्रत्येक शब्दावर काळी पट्टी बसते आणि नजर तिथून खाली उतरत नाही. आणि देवनागरीचं वाचन तर शिरोरेखेच्या खालीच घडतं.

वापरायला काय आहे? इंडियन टाइप फाउंड्रीचे 'टेको' आणि 'खंड' हे दोन्ही अरुंद आणि मोकळ्या परवान्याचे. टेको चौकोनी वळणाचा, मोठ्या मापात फार सुरेख, आकडे तर विशेष. ओम्निबस-टाइपचा प्रगती नॅरो दोनच वजनांत मिळतो. 'एक टाइप' या संस्थेचा 'अनेक' हा फॉन्ट २०२२ मध्ये आला, त्यात वजन १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ टक्के कुठेही थांबवता येते, त्यामुळे ७५ लाच जायची सक्ती नाही. नोटो सान्स देवनागरी ६२.५ टक्क्यांपर्यंत अरुंद होतो, वजन ९०० पर्यंत चढतं. तो मथळ्यासाठी म्हणून घडवलेला नाही, पण लांब जोडाक्षरं कुठे अडत नाहीत.

फॉन्ट घेण्याआधी मी हा मजकूर टाकून बघते: 'भाऊ, घरधनी, बव, षटकोन, खरवड, दुसऱ्या, ॲप, क्षितिज, विद्यार्थ्यांनी, लक्ष, शक्ती'. ॲ नसेल तर तिथे चौकट येते. ऱ्या चा र-कार बिघडला तर लगेच दिसतं. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर ते फॉन्टमध्ये आहेत का आणि मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावर उमटतात का, हेही इथेच कळतं.

---

वेबकाम

@काना_मात्रा, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. 'भरणे-मरणे' ची कसोटी आजपासून आमच्या यादीत.

वेबबद्दल थोडक्यात. फॉन्टमध्ये नसलेला बोल्ड आणि इटालिक ब्राउझर बनवून देतो, पण नसलेली रुंदी बनवत नाही. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) 'फॉन्ट-स्ट्रेच' ७५ टक्के लिहिलं आणि फॉन्टमध्ये अरुंद रूपच नसेल तर जवळची उपलब्ध रुंदी दिसते, बस. ही फार चांगली गोष्ट आहे, निदान इथे तरी दाबलेली अक्षरं येत नाहीत. प्रमाण ठरलेलं आहे: ८७.५ थोडं अरुंद, ७५ अरुंद, ६२.५ जास्त अरुंद, ५० अतिअरुंद.

व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलीत वजन-रुंदी सलग बदलता येणारे, २०१६ मध्ये ओपनटाइप १.८ बरोबर आले) वापरताना एक चूक सर्रास होते. फॉन्ट जोडताना रुंदीची पूर्ण व्याप्ती, समजा ७५ ते १२५, लिहायची राहते. मग पानावर कितीही अरुंद मागितलं तरी बहुतेक वेळा नेहमीचीच रुंदी येते आणि माणूस फॉन्टला दोष देत बसतो.

आणि पर्यायी फॉन्ट. अरुंद फॉन्ट उतरेपर्यंत त्याच्या जागी नेहमीच्या रुंदीचा दिसतो, मथळा दोनऐवजी चार ओळींचा होतो आणि मग पान उडी मारतं. पर्यायी फॉन्टला 'साइझ-ॲडजस्ट' लावून रुंदी जवळपास जुळवून ठेवा.

---

आडवी_रेघ

सगळ्यांचं वाचलं, तरी माझा विरोध नोंदवतो. अरुंद ठळक अक्षर म्हणजे बहुतेक वेळा मजकूर न कापण्याची पळवाट. शीर्षक नऊ शब्दांचं आहे, ते पाच शब्दांचं करायला कुणी तयार नाही, मग अक्षरं चेपा. जिथे वाचन खरंच जिवाशी निगडित आहे तिथे बघा काय करतात. अमेरिकेतल्या महामार्गांच्या पाट्यांच्या अक्षरांत बी पासून एफ पर्यंत मालिका आहेत, बी सर्वात अरुंद. त्याहूनही अरुंद अशी ए मालिका आधी होती, ती तर काढूनच टाकली. जर्मनीच्या डीआयएन १४५१ या पाट्यांच्या अक्षरांच्या मानकातही नेहमीचं मिटेलश्रिफ्ट, आणि जागा कमी पडली तरच अरुंद एंगश्रिफ्ट. म्हणजे जाणत्यांनीही अरुंद अक्षर नाइलाजाचंच मानलं आहे.

---

लंबरेषा

@आडवी_रेघ, पाट्यांबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. शंभरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला अपरिचित गावाचं नाव वाचायचंय, तिथे मोकळी अक्षरंच हवीत.

पण मथळ्याचं काम निराळं आहे. तिथे वाचक थांबलेला असतो, किंवा त्याला थांबवायचं असतं. त्यासाठी उंची लागते आणि रुंदी तर माध्यमानेच ठरवलेली. उभ्या मोबाइलच्या पडद्यावर आठ अक्षरांचा शब्द नेहमीच्या बोल्डमध्ये मांडा आणि तोच अरुंदात मांडा: काठापासून काठापर्यंत दोन्ही सारखेच पसरतील, पण अरुंदाची उंची दीडपट-दुप्पट होईल. हे पळवाट म्हणून केलेलं नाही. तो शब्द मोठा दिसावा हाच हेतू आहे.

शब्द कापायचा मुद्दा मात्र मी उचलून धरतो. नऊ शब्दांना अरुंद फॉन्ट हे औषध नाही. माझ्या मते चार-पाच शब्दांच्या पुढे हा प्रकार थकवायला लागतो.

---

शाईचा_डाग

@आडवी_रेघ, चित्रपटांच्या भित्तिपत्रकाच्या तळाशी असलेली श्रेयनामावली बघितलीत? ती अतिअरुंद असते त्याचंही कारण जागेइतकंच करारांचं आहे. नावांचं माप शीर्षकाच्या मापाशी बांधलेलं असतं, तेव्हा उंची राखून रुंदी आवळतात. ते वाचायला त्रासदायक असतं हे तुमच्या बाजूने जातं, हेही कबूल. त्या अक्षरांना कुणी मथळा समजून नक्कल करू नये.

---

नवी_ओळ

लंबरेषा, नावं मोकळ्या सॅन्समध्ये केली, एकदम श्वास घेता आला! आता शेवटचा प्रश्न. शीर्षक मराठीत आणि खाली तेच इंग्रजीत द्यायचं आहे. दोन्ही अरुंद ठळक. एकाच पॉइंट मापात ठेवले तर मराठी लहान दिसतं आणि ओळींमधलं अंतर कसं ठरवायचं तेही कळत नाही.

---

काना_मात्रा

@नवी_ओळ, पॉइंटचा आकडा विसरा, तो दोन लिप्यांना सारखा लागू होत नाही. शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजा आणि ती रोमन कॅपिटलच्या उंचीपेक्षा किंचित कमी येईल इतपत मराठीचं माप वाढवा. कॅपिटलच्या बरोबरीला नेलं तर मात्रा-वेलांट्यांमुळे मराठी ओळ फार अवजड होते. मग दोन्हींची उभी दांडी जाडीला जुळते का बघा. न जुळल्यास वजन बदला, व्हेरिएबल फॉन्ट असेल तर १०-२० च्या पायरीने.

ओळींचं अंतर एकच ठेवायचा हट्ट नको. इंग्रजी कॅपिटलच्या दोन ओळींना ०.९ पट पुरतं. मराठीला मी १.१ पासून सुरू करते आणि तुमच्याच शब्दांत वरची उकार-शेपटी खालच्या वेलांटीला कुठे भिडते ते बघून वाढवते. भिडत नसेल तर कमीही करते. कधी कधी ओळ एक शब्द आधी तोडली की टक्कर आपोआप टळते, ते आधी करून बघा. आणि दोन मराठी ओळींमधलं अंतर कितीही ठेवलंत तरी मराठी आणि इंग्रजी यांच्यामधलं त्याहून थोडं जास्त ठेवा, म्हणजे ती दोन वेगळी शीर्षकं आहेत हे कळेल.

शीर्षकाचे शब्द इथे टाकलेत तर 'टेको' आणि 'अनेक', दोन्हींत मांडून दाखवते.